अंगण खरंच वाकडं असेल तर?

पोर्तुगाल, नेदरलँड्स किंवा स्कॉटलंडमधून एखादा फुटबॉल मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये येतो, पहिले चार-पाच सामने वाईट जातात आणि चर्चेचा निकाल लागून जातो: 'तिकडे चाललं असेल, इथे चालायचं नाही.' जानेवारी २०२६ मध्ये मँचेस्टर युनायटेडने रुबेन अमोरिमला नारळ दिला तेव्हा पुन्हा तेच झालं. एकोणीस वर्षं विजेतेपदाची वाट पाहणाऱ्या स्पोर्टिंग लिस्बनला २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये लीग जिंकून देणारा हा माणूस एका रात्रीत 'छोट्या लीगमधला मोठा' ठरला. त्याच्याआधी त्याच खुर्चीत बसलेल्या एरिक टेन हागचं नेदरलँड्सच्या आयाक्समधलं सगळं कर्तृत्व असंच मोडीत निघालं होतं. गंमत म्हणजे त्याच डच लीगमधून आलेल्या आर्ने स्लॉटने २०२४-२५ मध्ये पहिल्याच वर्षी लिव्हरपूलला विजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा याच मंडळींनी सांगितलं की त्यात त्याचं काय, आधीचा मॅनेजर क्लॉपने ताट वाढूनच ठेवलं होतं. म्हणजे हरला तर लीग मोठी, जिंकला तर वारसा मोठा. कुठलाही निकाल लागला तरी जो खराच ठरतो, तो सिद्धान्त कसला?

माझं म्हणणं सरळ आहे. मॅनेजर लीग बदलतो तेव्हा तो क्लबही बदलतो, आणि त्याचं पुढे काय होणार हे बरंचसं या दुसऱ्या बदलावर ठरतं. हाती आलेले खेळाडू कुणी आणि कुठल्या पद्धतीच्या खेळासाठी विकत घेतले होते, वरच्या खुर्च्यांवर कोण बसलंय आणि ते तरी वर्षभर टिकणार आहेत का, पडत्या काळात क्लब किती दम धरतो, यावर. २०२४-२५ च्या एकाच मोसमाकडे पाहा. नेदरलँड्समधून आलेला स्लॉट पहिला. पोर्तुगालमधून आलेल्या अमोरिमचा युनायटेड पंधरावा. आणि ब्रायटनचा फाबियान ह्युर्त्सेलर, वय ३१, जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतून थेट आलेला, त्याचा संघ आठवा. लीगच्या आकारावरून मॅनेजरचं भविष्य सांगता येत असतं, तर सगळ्यात आधी ह्युर्त्सेलरची वाट लागायला हवी होती. अमोरिमने निदान चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, रात्री तरी पाहिल्या होत्या. ह्युर्त्सेलर तर सांक्ट पाउलीला दुसऱ्या श्रेणीतून वर आणून थेट इंग्लंडला आलेला.

समोरच्या बाजूचे मुद्दे मात्र पोकळ नाहीत, आणि त्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा बहुतेक वेळा मांडलाच जात नाही. आयाक्स, पोर्तो, सेल्टिक किंवा स्पोर्टिंगचा मॅनेजर चौतीस-अडतीस सामन्यांपैकी बहुतेक सामने आधीच वरचढ असतो. समोरचा संघ आपल्या पेनल्टी क्षेत्रासमोर भिंत बांधून बसतो, चेंडू यांच्याकडे, घाई समोरच्यांना. अशा मोसमात मॅनेजरचा सगळा अभ्यास एकाच प्रश्नावर होतो, तो म्हणजे भिंत फोडायची कशी. चेंडू गमावल्यावर चाळीस मीटर मागे धावताना संघ कसा दिसतो हे त्याला वर्षातून पाच-सहा वेळाच पाहायला मिळतं, आणि तेव्हा झालेल्या चुका पुढच्या रविवारच्या चार गोलांखाली गाडल्या जातात. प्रीमियर लीगमध्ये तळाच्या क्लबलाही टीव्हीच्या हक्कांतून वर्षाला सुमारे १० कोटी पौंड मिळतात. डच विजेता त्याच्या आसपासही फिरकत नाही. त्यामुळे तळातला इंग्लिश संघही आयाक्सच्या तोडीचा राखीव खेळाडू सहज विकत घेतो आणि कागदावर सोपा वाटणारा सामना मैदानावर सोपा उरत नाही. हे सगळं खरं आहे. छोट्या लीगमधला मोठा क्लब मॅनेजरच्या काही उणिवा झाकतो, हे मी मान्यच करतो.

पण मग हाच तर्क पुढे न्या. त्रास लीगचा असेल, तर लीग आतूनबाहेरून ओळखणाऱ्याला तो होता कामा नये. डेव्हिड मोयेस अकरा वर्षं एव्हर्टनमध्ये होता. प्रीमियर लीगचा एकेक कोपरा त्याला पाठ. २०१३ मध्ये युनायटेडमधून निवृत्त होणारे मॅनेजर फर्ग्युसन यांनी खुद्द त्याला निवडलं, क्लबने सहा वर्षांचा करार दिला, आणि विजेत्या युनायटेडचा तो मोसम सातव्या क्रमांकावर संपला. मोयेस शेवटापर्यंत राहिलाच नाही, एप्रिल २०१४ मध्येच गेला. तो आला त्या २०१३ च्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली होती, ती कमी लोकांना आठवते. फर्ग्युसन यांच्याबरोबरच क्लबचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिलही निघून गेले. खेळाडूंच्या खरेदीची सूत्रं नव्या माणसाकडे आली, आणि अख्खा उन्हाळा घालवून शेवटच्या दिवशी हाती लागला तो मोयेसच्याच जुन्या क्लबमधला फेलायनी. ग्रॅहम पॉटरची गोष्टही तीच. ब्रायटनमध्ये वाखाणला गेलेला हा माणूस सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सीत आला आणि पुढच्या एप्रिलमध्ये गेला. लीग तीच होती, सीमासुद्धा ओलांडली नव्हती. जानेवारीत मालकांनी इतके खेळाडू आणून ओतले की नव्यांपैकी तिघांचीच नावं चॅम्पियन्स लीगसाठी देता आली. बाकीच्यांचं काय करायचं हा प्रश्न पॉटरच्या पदरात.

आणि शाबी अलोन्सो? त्याला तर भाषेची, लीगची, ड्रेसिंग रूमची कसलीच सबब नव्हती. स्पेनचा विश्वविजेता, रेआल माद्रिदकडून पाच वर्षं खेळलेला, लेव्हरकुसेनला २०२३-२४ मध्ये एकही सामना न हरता जर्मनीची बुंडेसलीगा जिंकून देणारा. २०२५ मध्ये तो मॅनेजर म्हणून रेआलमध्ये परतला म्हणजे घरीच आला होता. ऑक्टोबरमध्ये बार्सेलोनाविरुद्ध त्याने संघाचा मोठा तारा व्हिनिसियसला बाहेर काढलं, व्हिनिसियस सगळ्या स्टेडियमसमोर चडफडत थेट बोगद्यात निघून गेला. त्यानंतर या खेळाडूवर क्लबने काय कारवाई केली? काहीच नाही. जानेवारीत अलोन्सोचीच गच्छंती झाली. यात बुंडेसलीगा लहान की मोठी हा प्रश्न कुठे येतो?

या वादात सगळ्यात बोलका पुरावा मला वाटतो तो चेल्सीच्या दोन पोर्तुगीज मॅनेजरांचा. जोसे मोरिन्यो २००४ मध्ये पोर्तोतून चेल्सीत आला, आंद्रे व्हिलास-बोआस २०११ मध्ये. दोघंही पोर्तोला युरोपातली ट्रॉफी जिंकून देऊन आलेले, क्लब तोच, मालक तोच अब्रामोविच, लीग तीच. व्हिलास-बोआससाठी तर चेल्सीने पोर्तोला दीड कोटी युरो मोजले होते, आणि त्याने पोर्तोबरोबर पोर्तुगालची लीग एकही सामना न हरता जिंकली होती. मोरिन्योच्या पहिल्या मोसमात चेल्सीने ९५ गुण मिळवले आणि ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. व्हिलास-बोआसला मार्च २०१२ मध्येच घरी पाठवलं. बदललं काय होतं? खेळाडूंच्या जन्मतारखा पाहा. २००४ मध्ये टेरी २३ वर्षांचा, लँपार्ड आणि ड्रोग्बा २६ चे, चेक २२ चा. आधीच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर आलेला, भूक असलेला, अजून लीग न जिंकलेला संघ. मोरिन्यो युरोपचा विजेता म्हणून आत आला तेव्हा त्या खोलीत सगळ्यात मोठा करंडक त्याच्याच हातात होता. सात वर्षांनी टेरी ३० चा, लँपार्ड आणि ड्रोग्बा ३३ चे. नवा मॅनेजरही ३३ चाच. त्याला काम दिलं होतं ते याच लोकांना हळूहळू बाजूला करून संघ तरुण करण्याचं, आणि ज्यांना बाजूला करायचं त्यांच्याच जिवावर या शनिवारचा सामनाही जिंकायचा होता. फेब्रुवारीत नापोलीविरुद्ध त्याने लँपार्ड, अ‍ॅशली कोल आणि एसिएन या तिघांना सुरुवातीला बाकावर बसवलं. चेल्सी ३-१ हरली, आणि दोन आठवड्यांत त्याची खुर्ची गेली. त्याच्या जागी बसवलेला सहायक दी मातेओने त्याच म्हाताऱ्यांना परत उभं केलं, परतीचा सामना ४-१ असा जिंकला आणि मे महिन्यात म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच उचलली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे मॅनेजर चुकीचाच होता, खेळाडू तर तेच होते. पण दी मातेओला संघाची पुनर्बांधणी करायला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला तीन महिने गाडा ओढायचा होता, आणि पुढच्या नोव्हेंबरमध्ये त्यालाही काढलं. व्हिलास-बोआसचे स्वतःचे दोष होते. संघाची बचावफळी पुढे ढकलण्याचा त्याचा हट्ट तिशी उलटलेल्या टेरीच्या पायांना झेपणारा नव्हता, आणि हे त्याला दिसायला हवं होतं. तरीही जे काम क्लबला स्वतः करायचं धैर्य नव्हतं, ते करायला तेहतीस वर्षांचा माणूस पुढे केला आणि जखम झाल्यावर त्यालाच दोष दिला, हेही तितकंच खरं.

मॅनेजरची कल्पना आणि हाती आलेले खेळाडू यांचा मेळ नसेल तर काय होतं, ते पाहायला १३ ऑगस्ट २०२२ ची ब्रेंटफर्डची संध्याकाळ पुरेशी आहे. टेन हागचा युनायटेडमधला दुसराच लीग सामना. त्याला खेळ गोलकीपरच्या पायापासून बांधायचा होता. आयाक्समध्ये त्याचं सगळं यंत्र तिथूनच चालू व्हायचं. पण गोलमध्ये होता डेव्हिड दे हेया. चेंडू अडवण्यात दशकातल्या उत्तम गोलकीपरांपैकी एक, पायाने खेळायला मात्र कधीच न सरावलेला. दहाव्या मिनिटाला एक साधा फटका त्याच्या हातातून निसटून आत गेला. मग त्याने पेनल्टी क्षेत्राच्या कडेला, पाठमोऱ्या उभ्या एरिक्सनला चेंडू दिला. मागून येन्सन टपूनच होता. त्याने चेंडू काढून घेतला आणि गोल केला. पस्तीस मिनिटांत ४-०. टेन हागची हुशारी अशी की पुढच्या सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध त्याने हे सगळं गुंडाळून ठेवलं, दे हेयाने लांब लांब किक मारल्या आणि युनायटेड २-१ जिंकली. तो मोसम तिसऱ्या क्रमांकाने आणि लीग कपने संपला. म्हणजे जुळवून घेणं त्याला जमत होतं. पण ज्या कल्पनेसाठी त्याला आणलं ती कल्पना सोडली तेव्हा तो जिंकला, आणि पुढची दोन वर्षं या दोन दगडांवर पाय ठेवूनच गेली. याचं खापर डच लीगवर कसं फोडणार? दे हेया काही तिने युनायटेडला विकला नव्हता.

अमोरिमच्या बाबतीत तर क्लबने कमालच केली. २०२४ च्या उन्हाळ्यात टेन हागचा करार वाढवला, चार बचावपटूंच्या त्याच्या पद्धतीसाठी जवळपास २० कोटी पौंडांची खरेदी केली, ऑक्टोबरमध्ये त्याला काढलं आणि त्याच्या जागी तीन बचावपटूंशिवाय खेळतच नाही असा माणूस आणला. तोही मोसमाच्या मध्यात. 'उन्हाळ्यात येतो' असं अमोरिमचं म्हणणं होतं. तो आल्याच्या पुढच्याच महिन्यात क्लबचे स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे खेळाडूंच्या खरेदीची धुरा असलेले, डॅन अ‍ॅशवर्थ यांनीही जागा सोडली, पाच महिन्यांत. या सगळ्यावर विश्लेषण काय झालं, तर 'तीन बचावपटूंची पद्धत प्रीमियर लीगमध्ये चालत नाही.' त्याच मोसमात ऑलिव्हर ग्लास्नरच्या क्रिस्टल पॅलेसने जवळपास तीच मांडणी घेऊन अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला हरवलं आणि एफए कप जिंकला. क्लबच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी. २०१६-१७ मध्ये कोंतेच्या चेल्सीने तीन बचावपटू खेळवायला सुरुवात केल्यावर लागोपाठ तेरा लीग सामने जिंकले आणि विजेतेपद मिळवलं. फरक विंग-बॅकमध्ये होता. पॅलेसकडे मुनयोस आणि मिचेल होते, दोन्ही कडा दिवसभर वर-खाली धावून काढणारे. अमोरिम आला तेव्हा युनायटेडकडे त्या जागेसाठी घडवलेला एकही माणूस नव्हता.

इथे 'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण कुणीतरी माझ्या तोंडावर मारणार याची मला कल्पना आहे. पण अंगण खरंच वाकडं असेल तर? तरीही काही नर्तक खरोखर वाईट असतात, हे मान्य करायला हवं. अमोरिमला चौदा महिन्यांत जवळपास कुठेही वाकता आलं नाही. पोप सांगायला आला तरी पद्धत बदलणार नाही, असं तो पत्रकारांना म्हणाला, तेव्हा त्याने स्वतःच्या बचावाचा निम्मा खटला स्वतःच हरला. फ्रँक डी बोअरची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. आयाक्सला सलग चार विजेतेपदं, मग इटलीच्या इंटरमध्ये ८५ दिवस, मग पॅलेसमध्ये चार लीग सामने, चार पराभव, शून्य गोल. इंटरने त्याला मोसम सुरू व्हायला जेमतेम दोन आठवडे असताना आणलं होतं, हे खरं. दोन देशांत, दोन वेगळ्या क्लबांत, एकच निकाल लागतो तेव्हा मात्र माणसाकडेच बोट दाखवावं लागतं.

या वादात दुसऱ्या बाजूचे लोक, म्हणजे एका अर्थी माझ्याच बाजूचे, एक हुकमी पत्ता टाकतात: 'वेळ द्या, फर्ग्युसनना दिला होता.' मला हा पत्ता आवडत नाही. अ‍ॅबर्डीनबरोबर रेआल माद्रिदला हरवून १९८३ चा युरोपियन कप विनर्स कप जिंकलेले फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये स्कॉटलंडच्या 'छोट्या' लीगमधून आले, पहिली ट्रॉफी १९९० मध्ये आणि लीग १९९३ मध्ये मिळाली, हे सगळं खरं. पण नुसत्या वेळेने काय होतं? त्या काळात त्यांनी व्हाइटसाइड आणि मॅग्रासारखे प्रेक्षकांचे लाडके खेळाडू विकले, तरुणांची व्यवस्था उभी केली, क्लबची सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. वेळेबरोबर अधिकार मिळाला होता. आजच्या मॅनेजरला वेळही नाही आणि अधिकारही नाही, आणि त्याला फक्त वेळ वाढवून देणं म्हणजे शिक्षा लांबवणं. याउलट बोर्नमथ पाहा. स्पेनच्या रायो वायेकानोमधून आलेल्या आंदोनी इराओलाला २०२३ मध्ये पहिल्या नऊ लीग सामन्यांत एकही विजय मिळाला नाही, आणि तोही संघ वाचवणाऱ्या लोकप्रिय मॅनेजरला काढून आणलेला. क्लब हलला नाही. आपण काय विकत घेतलंय हे क्लबला माहीत होतं, खेळाडूही त्याच धाटणीचे जमवले होते. मोसमाअखेर ४८ गुण, प्रीमियर लीगमधले क्लबचे तोवरचे सर्वाधिक. पुढच्या वर्षी ग्लास्नरच्या पॅलेसने पहिले आठ लीग सामने विजयाविना काढले, तिथेही कुणी घाबरलं नाही. कप कसा आला ते वर सांगितलंच.

यात नवं काहीच नाही. १९८७ मध्ये एसी मिलानने आरिगो साक्की यांना इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतल्या पार्मामधून उचललं. त्या वेळची सेरी आ, म्हणजे इटलीची पहिली श्रेणी, ही जगातली सगळ्यात कठीण लीग, आणि हे गृहस्थ स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेले नाहीत. शरद ऋतूत एस्पान्योलने मिलानला यूएफा कपमधून बाहेर काढलं, ड्रेसिंग रूममध्ये कुजबुज सुरू झाली. क्लबचे मालक बर्लुस्कोनी यांनी खेळाडूंना बजावलं की हा माणूस राहणार आहे, तुमच्यातलं कोण राहील ते अजून ठरायचंय. त्याच मोसमात लीग आली, नंतर १९८९ आणि १९९० चे युरोपियन कप. आता याच्या शेजारी ब्रायन क्लफ यांचे लीड्समधले ४४ दिवस ठेवा. १९७४ साल, डर्बीला लीग जिंकून दिलेला माणूस, देश तोच, लीग तीच. मैदानाबाहेरून ज्यांच्यावर त्यांनी वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलं होतं तेच खेळाडू आता त्यांच्या हाताखाली, आणि पीटर टेलर हा त्यांचा उजवा हात या वेळी बरोबर नाही. पडत्या वेळी पाठीशी उभं राहायला क्लबमध्ये कुणीही नव्हतं. पाच वर्षांनी टेलरसह तेच क्लफ नॉटिंगहॅम फॉरेस्टला युरोपचं विजेतेपद मिळवून देतात.

भाषेच्या मुद्द्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. उनाई एमरी आर्सेनलमध्ये होता तेव्हा त्याच्या इंग्रजी उच्चारांची टर उडवली गेली, नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला काढलं. तोच माणूस २०२२ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलात आला, संघ खालच्या श्रेणीत घसरण्याच्या उंबरठ्यावर होता, आणि पुढच्याच पूर्ण मोसमात त्याने तो चौथ्या क्रमांकावर नेला. इंग्रजी थोडी सुधारली असेल, पण खरा फरक पडला तो सेव्हियात खेळाडूंची खरेदी पाहताना त्याच्याबरोबर काम केलेल्या मोंचीला क्लबने त्याच्यासाठी आणलं तेव्हा.

स्लॉटचा दुसरा मोसमही याच चष्म्यातून पाहायला हवा. पहिल्या वर्षी त्याला जवळजवळ काहीच विकत घेऊन दिलं नाही. हवा असलेला मिडफिल्डर सुबिमेंदी आलाच नाही, तेव्हा त्याने क्लॉपच्या काळात कडेला पडलेल्या ग्रावेनबर्खला मध्यभागी उभं केलं आणि त्याच्याभोवती संघ बसवला. 'वाढलेलं ताट' म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. दुसऱ्या वर्षी ४० कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला, अर्धा संघ नवा आला, अलेक्झांडर-आर्नोल्ड गेला, संघातल्या जोटाच्या अपघाती मृत्यूने ड्रेसिंग रूम सुन्न होती, आणि शरद ऋतूत पराभवांची रांग लागली. लीग तीच, माणूसही तोच.

माझ्या मांडणीला सगळ्यात जड जाणारं उदाहरण लपवून ठेवण्यात अर्थ नाही. टेन हाग २०२५ मध्ये लेव्हरकुसेनला गेला. क्लब नीट चालवला जाणारा, वरची माणसं वर्षानुवर्षं तीच. दोन लीग सामन्यांनंतर त्याला काढलं. विर्ट्स, शाका, फ्रिमपाँग, ताह असे चार आधारस्तंभ त्याच उन्हाळ्यात गेले होते, ही सबब मी देऊ शकलो असतो. पण त्याच उरलेल्या संघाला घेऊन कास्पर हुलमंडने काही आठवड्यांत गाडी रुळावर आणली. तिथलं अंगण सरळ होतं. टेन हाग तिथे का अडखळला याचं उत्तर त्याच्यातच शोधावं लागेल. फक्त ते शोधताना आयाक्सची लीग किती लहान होती, याने काहीच हाती लागणार नाही, कारण हुलमंडही डेन्मार्कच्या त्याहून लहान लीगमध्येच घडलेला आहे.